म्हशीचं काळीज आणि जिप्सीची पुंगळी

म्हशीच्या डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावला आणि पोटात गोळा आला. माझ्या, म्हशीच्या नव्हे. ठोके इतके दबके येत होते की पलीकडच्या वाडीत कुणीतरी गोधडी झोडपतंय असं वाटावं. म्हैस दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती, दूध निम्म्यावर आलेलं. त्यात ठोके असे दबलेले म्हटल्यावर गुरांच्या डॉक्टरला पहिली आठवते ती तार. जनावर वैरणीबरोबर तारेचा तुकडा, खिळा, काहीही गिळतं. तो पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसतो. तिथून काळीज इतकं जवळ की तार मधला पडदा फोडून थेट काळजाच्या पिशवीत घुसते. मग तिथं पाणी साठतं, पू होतो, आणि ठोके असे लांबून आल्यासारखे येतात. त्यापुढं डॉक्टरच्या हातात फारसं काही राहत नाही.

घरची म्हातारी दावणीजवळ उभी होती, माझ्या तोंडाकडं बघत. म्हटलं, "आजी, जरा दम खाऊ दे तिला, परत बघते." आजीनं चहा टाकला. चहा झाला, रेडकू बघून झालं, एका शेळीचा खूर कापून झाला. चाळीसेक मिनिटांनी परत नळ्या कानात घातल्या. लब-डब, लब-डब. खणखणीत. म्हशीचं काळीज जागच्या जागी होतं, तिला साधं अपचन झालं होतं. बिघडले होते ते माझे कान. आणि ते बिघडवले होते वाडीखाली उभ्या असलेल्या माझ्याच गाडीनं.

गाडी म्हणजे मारुतीची जिप्सी. २०११ ची, १३०० सीसीची, पेट्रोलवर चालणारी, वर कापडी हूड. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याच्या बाजूला डोंगरात ज्या वाड्यांवर मी जाते तिथं पावसाळ्यात दुसरं काही चढत नाही. एका हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडणारा हा मुलूख. डांबर संपलं की लाल माती, त्यात जांभ्याचे उंचवटे, मध्ये दोन ओढे. गाडी मी एका काजूवाल्याकडून घेतली तेव्हा तिला कंपनीचाच सायलेन्सर होता आणि ती कशी वाजते याकडं माझं कधी लक्षही गेलं नव्हतं. सायलेन्सर चांगला असला की असंच होतं, तो आहे हेच विसरायला होतं.

तो गेला आतून कुजून. याला कारण माझ्या फेऱ्या. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. वाफ होऊन ते पुंगळीतून, म्हणजे धूर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडतं. लांबच्या प्रवासात सायलेन्सर चांगला तापतो आणि आतलं पाणी उडून जातं. पण माझं कसं, तीन किलोमीटर गेलं, गाडी बंद, तासभर गोठ्यात, परत दोन किलोमीटर. डबा कधी नीट तापतच नाही. पाणी तळाशी साचतं आणि पत्रा आतून खात सुटतं. बाहेरून रंग शाबूत, आणि एक दिवस बोट लावलं तर पापडासारखा मोडला.

मग मी चूक केली, ती सविस्तर सांगते, कारण बहुतेक जण हीच करतात. एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "म्याडम, कंपनीचा आता मिळायला लई दिवस लागतील, गाडीच बंद झालीय. हा घ्या, स्टेनलेस, आत ग्लासवूल, हजार वर्षं जात नाही." जिप्सी बनवणं २०१९ च्या आसपास थांबलं हे खरं होतं, त्यामुळं बाकीचंही खरं असेल असं मी धरून चालले. डबा देखणा होता. आरशासारखा. टोकाला अडीच इंची तोंड, त्याला निळसर झाक. मी फक्त एक विचारलं, "आवाज?" तो म्हणाला, "वूल आहे की आत. गप्प बसतोय."

आणि चार महिने तो खरंच बऱ्यापैकी गप्प बसला. थोडा जाड आवाज यायचा, पण आमच्या चिरंजिवांना तो आवडायचा, मीही फार मनावर घेतलं नाही. मग पावसाळा लागला, ओढे भरले, आणि आवाज हळूहळू चढायला लागला. दिवसागणिक चढणाऱ्या आवाजाची गंमत अशी की तो आपल्याला कळत नाही. सासूबाई म्हणायच्या, "आलं बाई तुझं विमान." मला वाटायचं त्यांना गाडीचंच वावडं आहे.

त्या म्हशीनंतर मात्र मी कागद-पेन घेऊन बसले. मोठ्या आवाजात दोन तास काढले की कान तात्पुरते मठ्ठ होतात, काही तासांनी सुधारतात, हे मला शिकलेलं असून आठवलं नव्हतं. आणि रोज मठ्ठ करत राहिलं की सुधारणं कमी कमी होत जातं, हेही. माझा धंदा कानाचा आहे. पोटफुगीत डाव्या कुशीवर टिचकी मारून ऐकायचं, रवंथाच्या पोटाची हालचाल दोन मिनिटांत किती वेळा होते ते मोजायचं, जर्सी-एचएफ गायीचं चौथं पोट सरकलं असेल तर बरगडीवर टकटक केल्यावर घंटेसारखा जो बारीक 'टिंग' येतो तो पकडायचा. हे यंत्रानं होत नाही, निदान डोंगरात तरी नाही.

पहिल्यांदा मोबाईलवर आवाज मोजणारं ॲप घेतलं. काळ्या मातीतल्या सरळ डांबरी पट्ट्यावर, काचा लावून, हूड बंद करून, ताशी ६५ च्या वेगात मोजलं. ८६ आला. आता ८५ डेसिबल रोज आठ तास ही सोसायची मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. ८६ म्हणजे तसं काही फार नाही असं वाटून मी ॲप बंद करणार होते, तेवढ्यात त्यात 'ए' आणि 'सी' असं एक बटण दिसलं. 'सी' दाबलं. आकडा १०६ वर गेला.

इथं माझा अर्धा दिवस गेला, पण वाया नाही गेला. 'ए' मोजणी ही माणसाच्या कानासारखी असते: खर्जातले आवाज ती कमी करून दाखवते. ऐंशी हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ऐंशी कंपनांच्या, आसपास तर वीसहून जास्त डेसिबल वजा करून टाकते. 'सी' तेवढं कापत नाही. दोन आकड्यांत वीसचा फरक म्हणजे माझ्या गाडीतला बहुतेक गोंधळ खर्जातला होता. तो धड ऐकू येत नाही, डोक्यात घुमतो. घुमारा म्हणा. दातांत, बरगडीत, सीटच्या पत्र्यात. (मोबाईलचा माईक खर्जाला विश्वासाचा नसतो. पण तोच फोन, तोच रस्ता, तोच वेग असेल तर आधी आणि नंतर हे ताडून बघायला चालतो.)

मग त्याच ॲपमध्ये आवाजाचा आलेख बघितला तर ७५ हर्ट्झवर एकच सुळका. हिशेब सोपा आहे. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा धडाडतं. सेकंदाला ७५ धडाके म्हणजे साडेसदतीस फेरे, मिनिटाला २२५०. ताशी ६५ ला, पाचव्या गिअरमध्ये, माझं इंजिन नेमकं तिथंच असतं. कोल्हापूरहून घराकडं येताना तासभर मी ज्या वेगात येते तोच हा वेग.

आणि तेव्हा त्या देखण्या डब्याचं गुपित उलगडलं. त्याच्या आत सरळ एक जाळीची नळी असते आणि भोवती ते ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर. धूर आरपार जातो, आवाज कडेच्या लोकरीत मुरतो. फुसफुस, चरचर असले चढे आवाज मुरतात, हे खरं. पण तापलेल्या धुरात ध्वनी सेकंदाला पाचशेएक मीटर धावतो. ७५ हर्ट्झची एक लाट तिथं साडेसहा मीटरहून लांब. माझी अख्खी गाडी चार मीटरची. साडेसहा मीटरच्या लाटेला दीड-दोन इंच लोकर काय समजणार? ती आली तशी निघून जाते. म्हणजे लोकर नवी होती तेव्हाही घुमारा होताच, फक्त त्याच्यावर बाकीच्या आवाजाची साल नव्हती.

नवं काही घेण्याआधी म्हटलं, आहे ते तरी नीट तपासू. सकाळी गाडी गार असताना चालू केली. बॉनेटमधून टिक-टिक-टिक असा बारीक आवाज, आणि पाच मिनिटांनी गाडी गरम झाली की गायब. हे मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या, जवळ धूर फुटत असल्याचं लक्षण. लोखंड तापून फुगलं की फट बुजते. कुठं फुटतोय ते शोधायला जुन्या स्टेथोस्कोपचा पुढचा चकता काढून टाकला, नळीला हातभर रबरी पाईप जोडला आणि त्याचं टोक सांध्या-सांध्यावरून फिरवत गेले. मदतनीस पोराला मागे पुंगळीवर ओल्या गोणपाटाचा बोळा क्षणभर दाबायला लावला. पुढच्या पाईपच्या फ्लँजपाशी, म्हणजे बोल्टांनी जोडलेल्या सांध्यापाशी, नळी नेली आणि कानात फुस्स-फुस्स-फुस्स, छातीत घरघर असलेल्या कालवडीसारखं. वाकून बघितलं तर पॅकिंगच्या कडेनं काजळीचा पंखा उमटलेला. बोल्ट एक नव्हताच.

पुढचं शोधायला नळीही लागली नाही. सायलेन्सर टांगायचे दोन रबर तुटलेले होते आणि त्या दुकानातल्या पोरानं डबा बाइंडिंग वायरनं चेसिसला करकचून बांधला होता. रबर असतात ती डब्याची थरथर गाडीच्या अंगात उतरू नये म्हणून. तारेनं बांधल्यावर अख्खी गाडी तंबोऱ्याचा भोपळा झाली होती. पॅकिंग, तीन बोल्ट आणि रबर, सगळे मिळून चारशे ऐंशी रुपये. एवढ्यावर मला वाटतं तिसरा हिस्सा आवाज गेला. कुणी मला विचारलं की सायलेन्सर कुठला घेऊ, तर मी आधी हेच विचारते: रबर बघितलेस का?

राहिला घुमारा. त्याला डबाच बदलायला हवा होता.

कंपनीचा मूळ सुटा भाग हा सगळ्यात सरळ पर्याय आणि मिळत असेल तर डोळे झाकून तोच घ्यावा. इंजिनाच्या आवाजाला तो मापून बनवलेला असतो, टांगायच्या जागा जुळतात, पासिंगला कुणी बोट ठेवत नाही. मी नोंदवला, अडीच महिने वाट बघितली, आला नाही, पैसे परत घेतले. त्याच्यासारखा दिसणारा डुप्लिकेट मात्र बाजारात लगेच मिळाला. तो हातात घेतला आणि शंका आली. शेळ्या तोलायचा ताणकाटा गाडीत असतोच. एका मित्राच्या बंद पडलेल्या जिप्सीचा मूळ डबा होता, तो अडकवला: गंजलेला असूनही साडेपाच किलो. डुप्लिकेट पावणेचार. पावणेदोन किलोचा पत्रा गेला कुठं? पातळ पत्र्याचा डबा स्वतःच वाजतो, ताशासारखा, आणि आतल्या भिंतीही कमी असतात. दुकानदार माझ्याकडं आणि ताणकाट्याकडं असा बघत होता की जणू मी त्याच्या दुकानात बोकड विकायला आलेय.

एका ऑफ-रोडवाल्या मुलानं सुचवलं की आहे त्याच पाईपला एक बंद तोंडाची फांदी जोडा, घुमारा मरतो. कल्पना खरी आहे. लाटेच्या पाव लांबीची बंद नळी काढली की आत जाऊन परत येणारी लाट मूळ लाटेला उलटी भेटते आणि दोघी एकमेकींना खातात. पण पाव लांबी म्हणजे माझ्या बाबतीत जवळजवळ पावणेदोन मीटर. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरच २३७५ मिलिमीटर. ट्रान्सफर केस, दोन शाफ्ट, टाकी यांच्यातून ती फांदी फिरवायची आणि वर जांभ्यावर आपटायची. राम राम.

शेवटी गेले उद्यमनगरात. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: शिवाजी उद्यमनगर म्हणजे एका गल्लीत ओतकाम, दुसऱ्या गल्लीत लेथ, तिसरीत गिअर कापणारा, आणि प्रत्येकाला वाटतं की देशात आपल्यासारखा आपणच. माझे मिस्त्री साठीच्या पुढचे. ट्रॅक्टरचे आणि जनरेटरचे सायलेन्सर बनवण्यात त्यांचा जन्म गेला. मी हर्ट्झ-बिर्ट्झ सुरू केलं तर हात वर करून म्हणाले, "ते र्‍हाऊ दे. गाडी चालू करा आणि जरा रेस धरा." डोळे मिटून मिनिटभर ऐकलं. "डबा मोकळा झालाय. आत काय शिल्लक न्हाई."

ग्राइंडरनं त्यांनी तो आरसा उभा चिरला. आत जाळीच्या नळीच्या वरच्या अंगाला नुसता मोकळा पत्रा. खाली तळाशी लोकर बसलेली, काळी, ओली, गठ्ठा होऊन, पावसात न कातरलेल्या मेंढीच्या पोटाखाली चिखलाच्या गाठी होतात ना, अगदी तशी. स्क्रूड्रायव्हरनं उचकटली तर त्यातून पाणी गळलं. ओढ्याचं पाणी, धुराचं पाणी आणि काजळी. बाकीची लोकर एवढ्या दिवसांत धुराबरोबर थोडी थोडी उडून गेली होती. "तुम्ही आणि तुमच्या म्हशी हुंगल्यात ही," मिस्त्री म्हणाले, आणि मला ते विनोदी वाटलं नाही.

"डबा मोठा करू," म्हणाले. "तीन खोल्या. धूर हिकडनं आत, तिकडं जाऊन परत फिरणार, परत फिरून मग बाहेर." मी म्हटलं, "म्हणजे रवंथ." ते हसले. गायीच्या पोटाला चार कप्पे, माझ्या सायलेन्सरला तीन. वैरण जशी एका कप्प्यातून दुसऱ्यात, परत तोंडात, परत खाली, तशी ही लाट. अरुंद नळीतून एकदम मोठ्या पोकळीत आली की तिचा बराच भाग मागं परततो. परतलेली आणि येणारी एकमेकींना मारतात. खर्जाला हीच मात्रा चालते, आणि पोकळी जेवढी मोठी तेवढी जास्त चालते. म्हणून 'छोटा आणि सुबक' सायलेन्सर शांत असतो असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. बसेल तेवढा मोठा घ्या.

पाईपची जाडी मात्र मूळचीच ठेवली. अडीच इंची तोंडाचा मोह मिस्त्रींनीच मोडला: "१३०० च्या इंजनाला एवढी मोठी पुंगळी म्हंजे पोराच्या पायात बाचा जोडा." नळी रुंद केली की धुराचा वेग पडतो, ताकद वाढत नाही, आवाज तेवढा वाढतो. पत्रा ४०९ जातीच्या स्टेनलेसचा घेतला. त्याला चुंबक चिकटतं आणि वरून थोडा गंज धरतो, दिसायला काही खास नाही, पण आतून साध्या लोखंडासारखा कुजत नाही. ३०४ आणखी टिकला असता, पण दाम ऐकून गप्प बसले. बाहेरचा पत्रा दुहेरी, म्हणजे ताशासारखा वाजणार नाही. आणि सगळ्यात खालच्या बिंदूला अडीच मिलिमीटरचं एक भोक, पाणी ठिबकून जायला. या भोकासाठी मी हट्ट धरला. मिस्त्री म्हणत होते की त्यातून फुसफुसेल. फुसफुसत नाही. थंडीत सकाळी थेंब थेंब गळतं ते बघून बरं वाटतं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातलं विष कमी करणाऱ्या भागाला, हात लावू दिला नाही. गल्लीतच एक जण सांगायला आला, "हे काढून टाका, पिकअप वाढतोय, वर तुम्हालाच पैसे देतो." देईल नाही तर काय, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. ते काढलं की धूर विषारी आणि आवाजही चढा, कारण त्याची जाळीही थोडा आवाज गिळतेच. शिवाय पंधरा वर्षं झाली की गाडी पासिंगला न्यावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेन्सरचाच आहे, आणि आवाज-धुराचं प्रमाण मोडलं तर कायद्याच्या कलम १९० प्रमाणं दहा हजारांपर्यंत दंड. बुलेटच्या सायलेन्सरवर पोलीस रोड रोलर फिरवतात ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. माझ्या आरशाचं तसं झालं असतं तर मला वाईटही वाटलं नसतं.

बसवताना खरी भांडणं झाली. मोठा डबा खाली लोंबणार. जांभ्याला खाली लोंबणारं काहीही आवडतं. दोन दिवस मिस्त्री आणि मी गाडीखाली आडवे. शेवटी डबा लांबट गोल करून चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये वर चढवला, पट्ट्यांच्या खाली बोटभरही येत नाही, आणि पुढच्या कडेला तिरपी पट्टी वेल्ड केली, म्हणजे दगड लागला तर घसरून जाईल. नवे रबर चार. पुंगळीचं टोक मिस्त्री आखूड करत होते, मागचा चढ लागू नये म्हणून. तिथं मी अडले. कापडी हूडची गाडी मागून हवा आत ओढते. टोक गाडीच्या अंगाखालीच संपलं तर धूर थेट माझ्या सीटवर. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं आणि झोप येते एवढंच. घाटात झोप यायला नको. म्हणून टोक मागच्या कडेच्या बाहेर आणि किंचित बाजूला वळवून काढलं. चढावर एकदा घासलंय, त्याची मला तयारी आहे.

मजुरीसकट साडेसहा हजार झाले. त्या आरशाला मी चार हजार दोनशे दिले होते, तेही याच्यात धरायला हवेत खरं तर.

पहिले वीसेक किलोमीटर गाडीतून तेल जळल्याचा वास येत होता, पत्र्यावरचं तेल आणि वेल्डिंगचा मळ. मग गेला. त्याच सरळ पट्ट्यावर, त्याच फोननं, ताशी ६५ ला मोजलं. 'ए' मध्ये ८१. नवऱ्यानं बघितलं आणि म्हणाला, "साडेसहा हजारात पाच डेसिबल?" 'सी' दाबून दाखवलं: ९५. अकरानं खाली. ७५ हर्ट्झवरचा सुळका आता टेकाड झालाय. राहिलेला आवाज टायरचा, हुडाचा आणि वाऱ्याचा आहे. जिप्सी आहे ती, झोपाळा नव्हे. ओढ्यात मात्र सांभाळते. पुंगळी पाण्याखाली असताना इंजिन बंद पडू द्यायचं नाही, एक्सलेटर हलका धरून सरळ पार व्हायचं. बंद पडलं की पाणी उलटं आत चढतं.

वाडीवर पोचल्यावर आता लगेच नळ्या कानात घालते. पहिल्यांदा घातल्या तेव्हा त्याच आजीच्या म्हशीला ऐकलं, तिला काही झालेलं नसताना. उगीच. आजीला वाटलं मी काहीतरी लपवतेय.

एक नवीन घोळ मात्र झालाय. पूर्वी खालच्या वळणावर गाडी आली की वर वाडीत ऐकू जायचं. "डॉक्टरीण आली" म्हणून पोरं रानातून जनावरं हाकलत आणायची, बांधून ठेवायची. म्हशीसुद्धा कान टवकारून उभ्या, कारण त्या आवाजानंतर सुई येते हे त्यांना माझ्यापेक्षा पक्कं माहीत. मागच्या मंगळवारी लसीकरणाला गेले तर वाडीत चिटपाखरू नाही. मोबाईलला रेंज नाही. दीड तास खळ्यावर बसून राहिले. सगळे परतले तेव्हा आजी माझ्यावरच उखडली, "गुपचूप येतीयास व्हय? आवाज न्हाई, काय न्हाई. आमास्नी कळायचं कसं?"

मग तोडगा निघाला. खालच्या वळणावर मी आता तीनदा हॉर्न देते. म्हशींनी तो दोन फेऱ्यांतच ओळखला, आणि परवा पोरं पोचायच्या आत निम्म्या म्हशी वरच्या रानात पळाल्या होत्या.